पोटाला प्रायमरचे दोन हात

ती. स्व. ताईस भावाचा साष्टांग नमस्कार.

तुझे गुडघे, भावोजींचा खोकला आणि तुम्हा दोघांचं भांडण, सगळं जागच्या जागी सुखरूप असेल असं धरून चालतो. मी जिवंत आहे. मुद्दाम लिहितो, कारण मध्यंतरी मलाच त्याची खात्री नव्हती.

झालं असं, की न्हाव्याकडे माझ्या तोंडाला फेस लावलेला होता. (तोंड बंद असलं की माझे कान दुप्पट चालतात, हे तू जाणतेसच.) शेजारच्या खुर्चीतला औषधवाला सांगत होता, की ज्या ऑक्सिजनवर आपण जगतो तोच आपल्याला आतून गंजवतो आणि त्यावर उतारा म्हणजे अँटिऑक्सिडंट. दुसऱ्या कुठल्या रोगाचं नाव काढलं असतं तर मी कान झटकले असते. पण गंज! लोखंडी फाटकं करण्यात माझा जन्म गेला. वरून रंग झकास आणि बिजागरी हातात, असली फाटकं मी किती पाहिली असतील! त्याच्याकडून कॅप्सूलची बाटलीच आणली. तिच्यावर 'रोज एक' लिहिलं होतं, पण एका हातावर भागवणारा रंगारी मी दारात उभा करत नाही. आधी प्रायमरचे दोन हात, मग वरून रंग. म्हणून सकाळी दोन, रात्री दोन आणि फिनिशिंगला तांब्याभर गाजराचा रस. तुझी भावजय म्हणाली, "अहो, तुम्ही माणूस आहात, फाटक नव्हे." (हिला गंजातलं काय कळतंय, असं मी मनात म्हणालो. मोठ्यानं म्हणण्याइतका डोक्यानं गंजलो नव्हतो.)

मग एका सकाळी बघतो तर तळहात पिवळे! तळपायही! कावीळ, लिव्हर खलास, असा निकाल मी उभ्या उभ्या लावला. आपल्या धाकट्या भावाला वर्कशॉपमध्ये बोलावून किल्ल्या त्याच्या हातात ठेवल्या आणि म्हणालो, "आता तूच सांभाळ रे बाबा." तो रडला. (एका डोळ्यानं. दुसरा माझ्या खुर्चीवर होता.)

डॉक्टरीणबाईंकडे एकटाच गेलो. त्यांनी पापणी ओढून डोळे पाहिले, तर पांढरेशुभ्र. रक्ताचा रिपोर्टही चोख आला. मग विचारलं, "काका, गाजरं किती खाता?" मी सगळं सांगितलं, प्रायमरसकट. बाई इतक्या हसल्या, की बाहेरचे पेशंट कण्हायचे थांबून आत डोकावले. म्हणाल्या, "हा गाजराचा रंग आहे हो, तुमच्या कॅप्सूलमध्येही तोच. कातडीत साठलाय, बंद केलंत की हळूहळू उतरेल. शरीर आपला गंज आपणच खरवडत असतं, आणि थोडा तर जंतू मारायला हाताशी ठेवतं. भाज्या-फळं खा, तेवढं पुरे. कॅप्सूलचे थर चढवून आयुष्य वाढत नाही, काहींना उलट अपायच होतो."

ताई, जिना उतरताना मी चक्क शीळ घातली. कठड्याला गंज चढला होता. त्याच्यावरून मायेनं हात फिरवला.

तुझा पिवळसर पण ठणठणीत,
भाऊ

ता. क. : पत्राचं खरं कारण राहिलंच. धाकटा किल्ल्या सोडत नाही. "दादा, तू आराम कर" म्हणतो आणि माझ्या खुर्चीवर उशी घेऊन बसतो. तो घाबरतो फक्त तुला. एकदा येऊन नुसतं डोळे वटारून जा.

आणखी एक : मी बरा आहे हे त्याला सांगू नकोस. अजून कुणालाच सांगितलेलं नाही. तुझी भावजय सध्या मला उलट उत्तर देत नाही, पायथ्याशी बसून पाय चेपते. मग किल्ल्या मागायच्या कशा म्हणतेस? ते तू बघ. मोठी तू आहेस.