आतड्याच्या पेशी, यकृताचे टेबल

प्रति,
मा. वैद्यकीय अधिकारी (उपचार मंजुरी),
कामगार आरोग्य योजना कार्यालय, दुसरा मजला.

विषय : आईच्या यकृतातील गाठींच्या शस्त्रक्रियेस आतड्याच्या कर्करोगाच्या जुन्या फाइलमध्येच मंजुरी मिळणेबाबत.

संदर्भ : १) आतडे टेबलाचे नकारपत्र. २) यकृत टेबलाचे नकारपत्र. ३) माझे आधीचे दोन अर्ज, पोच आहे, उत्तर नाही.

महोदया,

१. माझी आई शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवते व आपल्या योजनेची सदस्य आहे. गेल्या वर्षी तिच्या मोठ्या आतड्याचा कर्करोग झालेला भाग काढण्यात आला. ती मंजुरी आपल्या कार्यालयाने तत्परतेने दिली होती, हे आम्ही विसरलेलो नाही. पुढच्या तपासणीत यकृतात तीन गाठी आढळल्या. इंजेक्शनांनी त्या लहान झाल्या आहेत. तिन्ही उजव्या बाजूस असल्याने तेवढा भाग काढता येईल आणि उरलेले यकृत तिला पुरेल, असे सर्जनांचे मत आहे.

२. आतडे टेबलाने कळवले की, रोगग्रस्त भाग काढलेला असल्याने रुग्णास आतड्याचा आजार संभवत नाही, सबब फाइल बंद. तेथील लिपिक मला समजावून म्हणाले, “ताई, तो तुकडाच राहिला नाही, तर आजार राहील कुठे?” यकृतात राहिला आहे, असे मी सांगितले. त्यांनी शेजारच्या टेबलाकडे बोट दाखवले.

३. यकृत टेबलाने गाठीच्या तपासणीचा अहवाल मागितला. तो दिला. अहवालात पेशी आतड्याच्या असल्याचे स्पष्ट आहे. त्यावर उत्तर आले की, रुग्णास यकृताचा कर्करोग नसल्याने यकृताच्या शस्त्रक्रियेचे प्रयोजन दिसत नाही. दोन्ही टेबले एकाच पंख्याखाली आहेत. एकदा मी स्वतः फाइल उचलून पलीकडे ठेवली. तळमजल्यावरचा आवक शिक्का नाही म्हणून ती परत आली. घरी हे सगळे सांगितल्यावर आई म्हणाली, “अगं, मग मला झालंय तरी काय, ते त्यांनाच एकदा नीट विचारून ये.”

४. मी जीवशास्त्राची पदवीधर आहे. डॉक्टर नाही, म्हणून अहवालात आहे तेवढेच लिहिते. आतड्यातून निघालेले रक्त हृदयाकडे जाण्याआधी यकृतातून जाते. त्या रक्तासोबत सुटून आलेल्या पेशी तिथे अडकतात व वाढतात. जागा बदलली तरी त्या आतड्याच्याच राहतात. एखादा कामगार दुसऱ्या वस्तीत राहायला गेला, म्हणून आपण त्याला नवा सदस्य धरत नाही. हेही तसेच आहे.

५. यकृत टेबलावरचे लिपिक मनाने चांगले आहेत. त्यांनी हळूच सुचवले, “नवीन आजार म्हणून लिहून द्या, संध्याकाळपर्यंत करून देतो.” आईसुद्धा म्हणाली, “लिही की बाई! त्या गाठींना काय, वाचता येतंय?” मी लिहिले नाही. फाइल तशी उघडली, तर शस्त्रक्रियेनंतर यकृतातच सुरू होणाऱ्या कर्करोगाची औषधे मंजूर होतील. ती औषधे वेगळी आहेत; आईच्या आजारावरची नव्हेत. या हट्टापायी आई माझ्याशी धड बोलत नाही, हे कार्यालयाच्या माहितीसाठी नोंदवते.

६. शस्त्रक्रियेपूर्वी शरीराला विसावा हवा, म्हणून इंजेक्शने थांबवली आहेत. म्हणजे आज तिला कर्करोगावरचे कोणतेच औषध चालू नाही. एखादी गाठ डाव्या बाजूला उगवली, तर सर्जन बहुधा हात लावणार नाहीत. आधीच्या इंजेक्शनांनी तिच्या बोटांच्या टोकांची जाणीव गेली आहे. सुई टोचल्याचे तिला कापडावर रक्त दिसल्यावर कळते. तरीही कामावर परतायचे म्हणून ती जुन्या चादरीच्या तुकड्यांवर कॉलर शिवून पाहते. बऱ्याच वाकड्या येतात. ती उसवते आणि पुन्हा घेते.

७. शस्त्रक्रियेची तारीख येत्या गुरुवारची आहे. तरी बंद केलेली फाइल उघडून त्याच आजाराखाली मंजुरी द्यावी, ही विनंती. आजार कोणत्या टेबलाचा, हा निर्णय नंतर सवडीने झाला तरी आमची हरकत नाही.

८. मंजुरी देणे शक्य नसल्यास तसे बुधवारपूर्वी लेखी कळवावे. इंजेक्शनांच्या वेळी वॉर्डात आईच्या शेजारी असलेल्या बाईंनाही शस्त्रक्रियेची तारीख हवी आहे. “माझं नाही झालं तर तिला घेऊ दे, टेबल रिकामं नको जायला,” असे आईने मला दोनदा बजावले, म्हणून हा परिच्छेद लिहावा लागत आहे. तो आईचा आहे. माझी विनंती परिच्छेद ७ एवढीच समजावी.

आपली नम्र, आणि उत्तर मिळेपर्यंत बाहेरच्या बाकावर असलेली,

(सही)
अर्जदार, रुग्णाची मुलगी

दिनांक : आवक शिक्क्याचा धरावा.

सोबत : १) गाठीच्या तपासणीचा अहवाल. २) सर्जनांचे पत्र. ३) दोन्ही नकारपत्रे, एकाच टाचणीत.