दोन खोल्यांमधला पॅसेज

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार (गुडघा दुखावल्यामुळे तूर्त मनातल्या मनात). तुझा खोकला कसा आहे? पंखा अंगावर घेऊन झोपू नकोस.

गुडघ्याचं कारण म्हणजे देशाचं कर्ज. परदेशी सावकार आमच्या अर्थखात्यात ठाण मांडून होते, हे पेपरात वाचलंच असशील. एका खोलीत शेजारच्या देशाचे अधिकारी, दुसरीत परक्या बँकांचे वकील. (एकत्रच बसवणार होतो, पण टेबलाच्या टोकाला कोण, यावर अख्खी सकाळ गेली.) हप्ते पुढे ढकलायला दोघेही तयार, पण आधी त्यांनी ढकलावेत, मग आम्ही, हा दोघांचाही हेका. आपण थांबलो तर आपला पैसा दुसऱ्याच्या खिशात जाईल, ही धास्ती. तोवर आपल्या इस्पितळांची औषधं बंदरात अडकलेली. पैसे मिळाल्याशिवाय जहाजवाले माल उतरवेनात. अर्थमंत्री पेन्सिल चावत बसलेले, आणि निरोपांची ने-आण करायला तुझा भाचा.

अशाच एका फेरीत मी नुकत्याच पुसलेल्या फरशीवर सपशेल आडवा झालो. आवाजाने दोन्ही दारं उघडली. बँकांच्या वकीलबाईंनी माझे खांदे धरले, शेजारच्या मुख्य अधिकाऱ्याने पाय. मला कोणत्या खोलीत न्यायचं यावर मतभेद झाले (मला कुणी विचारलं नाही), म्हणून सगळे तिथेच थांबले. शेवटी वकीलबाई हळूच म्हणाल्या, "तुम्ही दोन वर्षं थांबत असाल, तर आम्हीही थांबू."

"सह्या मात्र एकाच वेळी," तो म्हणाला.

माझे पाय अजून त्याच्याच हातात होते. मी कण्हायचा थांबलो.

संध्याकाळी सह्या झाल्या, हप्त्याचे वाचलेले पैसे जहाजवाल्यांना गेले, औषधं उतरली. कर्ज एका पैशानेही कमी झालं नाही, फक्त पुढच्या सरकारच्या गळ्यात गेलं. आपल्या मंत्र्यांनी त्याला विजय म्हटलं, शेजाऱ्यांनी औदार्य, आणि बँकांनी शिस्त.

तब्येतीला जप.

तुझा लाडका (अजून असलो तर)
भाचा

ता. क. शिस्त म्हणजे काय ते लिहायचं राहिलं. पेन्शनवाढ दोन वर्षं बंद. तुझीही.

आणखी एक ता. क. बाबांचीही. त्या वाढीच्या भरवशावर त्यांनी दातांच्या डॉक्टरला होकार देऊन ठेवलाय. आणि करार आपल्या मुलामुळे झाला, असं साऱ्या बिल्डिंगला सांगत सुटलेत. ते ऐकलं की माझं तोंडच उघडत नाही. तू मोठी बहीण, तुझं ते ऐकतात. तूच सांग. जमल्यास मी घरी नसताना.