मुलींच्या संडासातला नळ

मंगळवार, संध्याकाळ

सुटले एकदाची! सरकारी समिती कॉलेज तपासून गेली. "सगळं छान आहे, एवढंच म्हणा," असं पालकांना पढवायचं काम प्राचार्यांनी माझ्यावर टाकलं होतं. पण माझ्या वर्गातल्या पूजाची आई, पंचवटीत भाजी विकून थेट आलेली, समितीसमोर म्हणाली, "शिकवत्यात लय चांगलं. पण पोरींच्या संडासात नळाला पाणी नाय. म्हणून माझी पोरगी दिवसभर घोटभर पाणी पीत नाय."

समितीतल्या बाईंनी शांतपणे लिहून घेतलं. पाच वाजता प्लंबर हजर! आम्हा शिक्षिकांनाही तोच संडास, त्याच नळासाठी मी दोन वर्षं अर्ज करतेय. अर्जच. तोंडाने का नाही बोलले कधी?

निघताना नळ सोडून पाहिला. धो धो पाणी. मग पर्समधली बाटली तिथेच घटाघटा संपवली. सकाळी भरलेली, रोजच्यासारखी तशीच राहिलेली.