कमलच्या मोटारीचे दार

रेवदंडा, ९ फेब्रुवारी १९३४

धाकट्या बहिणीच्या, कमलच्या, जुन्या मोटारीचे ठोकरलेले दार परवा रंगवून झाले. रंगारी ओला रंग पाहूनच "जुळला" म्हणत होता. मिशनच्या शाळेत सिस्टरांकडे शिकून जन्मभर चित्रकला शिकवली मी. मीच म्हटले, वाळू दे, मग उन्हात बघ. बाकीच्या मोटारीचा खाऱ्या वाऱ्याने विटलेला तो हिरवा जुळेपर्यंत रंग पुन्हा पुन्हा घोटून घेतला.

"ताई, नजर असावी तर तुझ्यासारखी!" इति कमल. आणि आज अलिबागला नेले कुणाला? आपल्या नणंदेला! "तुला धूळ सोसत नाही ना गं, ताई." मला? शाळेत इतकी वर्षे खडूच खाल्ला की!

संध्याकाळी मोटार घरावरून परतली. नणंदबाई पुढे बसून हात हलवत होत्या. निदान ते दार तरी वेगळे दिसावे म्हणून मी डोळे फाडून पाहिले. मेले, मलाही ओळखता आले नाही.