तिसरी डिस्क, शून्यापासून

मामा, फोन तू आपटलास, मी नाही, हे आधी कबूल कर. ‘बटणं दाबायला कसली अक्कल लागते’ हे वाक्य तुझं, आणि ‘रविवारपर्यंत कॅसेट घरी आली नाही तर तोंड दाखवू नकोस’ हेही तुझंच. मी सांगायला गेले तर खट्. म्हणून हे पत्र. पत्र मध्येच बंद पाडता येत नाही.

तर, तीर्थरूप मामा (तोंडावर अरे-तुरे, कागदावर तीर्थरूप, चालवून घे), नमस्कार. गुडघा कसा आहे? जिन्यात अजून कुरकुरतो का? गोळी जेवणानंतर घेतोस की जेवणाऐवजी? मी मजेत. म्हणजे आज मजेत, मंगळवारी नव्हते.

तुला माहीतच आहे, आमच्या ऑफिसात जुन्या टेपांमधले आवाज उतरवून संगणकात ठेवतात. तू दिलेल्या कॅसेटमधला मामीचा आवाज मी तिथेच ठेवला. तिथे म्हणजे एका लोखंडी कपाटात, सहा डिस्क ओळीने, प्रत्येकीला एक हिरवा दिवा. पण गंमत अशी, की संगणकाला या सहा दिसतच नाहीत. मध्ये कंट्रोलर नावाचं एक कार्ड बसलंय, ते सहांची मिळून एकच भलीमोठी डिस्क आहे असं संगणकाला पटवतं. व्हर्च्युअल डिस्क. हात लावायला गेलास तर ती कुठेच नाही, आणि मामीचा आवाज मात्र तिच्यातच. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी चहा प्यायचं विसरले होते.

मंगळवारी सकाळी पडद्यावर आलं: तीन नंबरची डिस्क गेली. आमचे साहेब बाहेर होते (त्यांना आम्ही शून्यकाका म्हणतो, का ते कळेलच). त्या कपाटात एक डिस्क गेली तरी चालतं, नवी घालायची, बस. म्हटलं, एवढं तर मलाही येतं. एक, दोन, तीन मोजलं आणि तिसरी खेचून काढली. दिव्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मामा, कंट्रोलर शून्यापासून मोजतो. मी काढली ती दोन नंबरची, धडधाकट. सहांतून एक गेलेली, एक माझ्या हातात, आणि ती भलीमोठी डिस्क पडद्यावरून गायब. तिच्याबरोबर मामी. (कॅसेट होती ना, मग एवढी का घाबरलीस, असं विचारशील. थांब जरा.)

घाईघाईने डिस्क परत खुपसली, तर कंट्रोलर म्हणतो, ही परकी आहे. दोन मिनिटांपूर्वी घरातली होती रे, आणि आता ओळखही दाखवेना. खाली एक पर्याय होता: सगळं पुसून नव्याने मांडा. माझं बोट तिथपर्यंत गेलं होतं. तेवढ्यात शून्यकाका आले. कितवी काढलीस, म्हणाले. तिसरी. कुठून मोजून? मी पहिलीवर बोट ठेवलं. ते ओरडले नाहीत. खुर्ची ओढली, ‘परकी घरात घ्या’ अशा अर्थाचं बटण दाबलं, आणि ती डिस्क पुन्हा आपल्यात आली. मग मेलेली काढून तिच्या जागी कोरी बसवली, आणि दिवसाचा पहिला, म्हणजे त्यांच्या मोजणीत शून्यावा, चहा प्यायला गेले.

पुढचं मला नीट सांगता येणार नाही. त्या कोऱ्या डिस्कने मामीचा एक शब्द ऐकलेला नव्हता. पण उरलेल्या पाचजणींकडे असं काही थोडं थोडं राखलेलं असतं, की सगळ्यांचं जुळवलं की गेलेलीकडे काय होतं ते बरोब्बर निघतं. अंदाजे नाही, अक्षरन् अक्षर. एक टक्का, दोन टक्के, पाच दिवे लुकलुकतायत आणि सहावी भरतेय. मी डबा तिथेच बसून खाल्ला. देवळात बसतात तशी बसले होते, फक्त पंख्याचा आवाज फार. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघते तर सहाही दिवे हिरवे. मामी लावली. पहिल्याच वाक्यात तुला नळ बंद करायला सांगतेय.

तुझी,
बटणं दाबणारी भाची

ता. क. १ : कॅसेट तुटली. सोमवारीच, उतरवून झाल्यावर परत गुंडाळताना. म्हणजे मंगळवारी मामी फक्त त्या कपाटात होती. आता कळलं, का घाबरले ते?

ता. क. २ : पाकिटात दोन पेनड्राइव्ह आहेत. एक तुझा, एक कृपा करून मामीच्या बहिणीला दे. तुमचं भांडण राहू दे तसंच, पण आवाज एकाच घरात ठेवू नकोस.

ता. क. ३ : ओरडायच्या आधी एकविसावं मिनिट ऐक. तिथे मामी म्हणते, ‘अहो, तिच्यावर ओरडू नका, मुद्दाम नाही पाडलं तिने.’ मी तेव्हा काय पाडलं होतं, मला आठवत नाही. पाकीट दाराखालून सरकवतेय, बेल वाजवतेय. तुझा गुडघा दारापर्यंत येईस्तोवर मी जिना उतरलेली असेन.