बागुलाच्या सवयी

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या धाकट्या भावाला अखेर धड काम मिळालं. बागुलबुवाला माणसात आणायचंय, म्हणजे जनावरांत. मी ज्या बेटाच्या गोष्टी लिहितो ना, जे कुठल्याच नकाशात नाही, तिथल्या प्राण्यांचं सचित्र पुस्तक निघतंय. संपादकबाईंची अट एकच: भूतबीत नको, प्राणी म्हणून पटला पाहिजे. म्हणून मी त्याला घुबडाचे डोळे दिले, उन्हाळ्यात केस गळायला लावले आणि बिळात तीन पिल्लंही घातली. शिकार कशी करतो यावर घोडं अडलं होतं. मग आईच्या गोष्टीतला नियम आठवला: बागुल जवळ आला की हाक मारायची नाही, ओरडायचं नाही, श्वाससुद्धा हळू घ्यायचा. म्हणजे तो आवाजावर शिकार करतो. बाई म्हणाल्या, सगळ्या पुस्तकात एवढंच खरं वाटतं.

पुस्तक आपल्या छोट्या बहिणीला, छोटीला, अर्पण करतोय. आईला अजून दाखवलेलं नाही. काल तिला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं, वार्षिक वारी. कान ठणठणीत. परतताना तिचं तेच सुरू, शेजारच्या खोलीत बसून कापड कापत होते, मग पेटीतून छोटीची हाक कशी आली नाही मला. छोटी जाऊन एकतीस वर्षं झाली, तरी तिचं पालुपद संपत नाही.

नियमाचे शब्द नेमके आठवत असतील तर कळव. लोभ आहेच, उत्तरात कंजूषपणा नको.

तुझा भाऊ

११ मार्च

चि. भाऊस,
अ. आ.

बागुलाला पिल्लं झाल्याचं वाचून हसले. त्याचं लग्न कुणी जमवलं तेही छाप. इकडे सगळं ठीक. माझी पाठ धरलीय आणि लेकीने शाळेत दात पाडून घेतलाय.

तो नियम मात्र काढ. लहान मुलांच्या पुस्तकात गप्प राहायला काय शिकवतोस? वासावर शिकार करू दे त्याला. थोरल्या बहिणीचं एवढं ऐक.

तुझी ताई

१७ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काढणार नाही. त्या नियमावर अख्खा प्राणी उभा आहे, कान, डोळे, बीळ, सगळं. तुला एवढं का खुपतंय ते तरी सांग. महिनाअखेरीस सगळी पानं आईला देतोय. तिची गोष्ट आहे, चुका तीच काढेल. रागावू नकोस, माया राहू दे.

तुझा भाऊ

२२ मार्च

चि. भाऊस,
अ. आ.

हे वाच आणि फाडून टाक. तो नियम आईच्या गोष्टीत नव्हता. तिच्या गोष्टीत बागुल पोरांच्या ओरडण्याला भिऊन पळायचा. तू लहान होतास, तुला माझंच आठवतंय.

लपाछपीत छोटी किंचाळायची आणि माझी जागा फुटायची. म्हणून मी तिला सांगितलं की तोंडातून आवाज निघाला तर बागुल धरतो. तिने ते मनावर घेतलं. अंथरुणांच्या पेटीत ती लपली, झाकण पडलं, कडी बसली. आईला हाक ऐकू आली नाही, कारण छोटीने ती मारलीच नाही. मला हे त्याच संध्याकाळी कळलं होतं.

आईने ते पान वाचलं तर तिला सगळं कळेल. तुझ्या पाया पडते, पान काढ. मी भित्री आहे, हे मान्य करते. माझ्यावर जेवढी माया उरली असेल तेवढ्यासाठी तरी काढ.

ताई

२ एप्रिल

चि. मोठीस,
अ. आ. लिहायचा रिवाज आहे म्हणून लिहिले.

पत्र त्याच्या नावाचं होतं, पण या घरातलं टपाल मी उघडते. सासरी गेलीस आणि विसरलीस. वाचून झाल्यावर त्याला दिलं. तो रडला.

तू तेव्हा अकरा वर्षांची होतीस. त्या दिवसाचा राग मला धरता येत नाही, प्रयत्न करून पाहिला. नंतरच्या वर्षांचा येतो. लग्न होईपर्यंत दर वर्षी कानाच्या डॉक्टरांकडे माझ्यासोबत तूच यायचीस. बाहेरच्या बाकावर मासिक वाचत बसायचीस. घरी येताना मी रडले की रुमाल तूच द्यायचीस. एकदाही तुझी जीभ रेटली नाही.

तो पान काढायला निघाला होता. मी काढू दिलं नाही. नियम तसाच छापायचा, आणि तो कुणी केला तेही खाली, तुझ्या नावासकट. तो नको म्हणत होता, पण माझ्यापुढे त्याचं चालत नाही.

पहिली प्रत तुझ्या मुलीच्या नावाने टाकते. सहा वर्षांची आहे, वाचता येतं तिला. तुझं नाव दिसलं की विचारेल. तू सांग. नाही सांगितलंस तर मी येऊन सांगेन.

आई