भुलभुलैयातल्या बारा काड्या

आदरणीय दादांस,

साष्टांग नमस्कार. आपला गुडघा एव्हाना जिना चढू देत असेल, अशी आशा करतो. आपली भगिनी आठवडाभर आपल्याकडेच आहे, तेव्हा जेवणाची आबाळ नसणारच. (इथे मी एक भाजी तीन दिवस पुरवतो. तक्रार नाही.) तिने तिची बाजू सांगितली असेल आणि सांगताना हात आखडता घेतला नसेल. म्हणून माझीही कळवतो. ती ऐकून तिला परत पाठवावं, एवढंच.

इथल्या बागेत झुडपांचा भुलभुलैया केलाय. डोक्यापेक्षा हातभर उंच हिरव्या भिंती, पन्नास वळणं आणि मधोमध एक बाक. तो बघायला लोक तिकीट काढतात, आपण काय बोलणार. दाराशी माळी म्हणाला, अडकलात तर हाक मारा. तेहतीस वर्षं जमिनी मोजलेल्या माणसाला हे सांगायचं! मी घरून बारा काड्या नेल्या होत्या, लाल चिंध्या बांधून. फसवं वळण आलं की एक रोवायची. बाक सापडला. (साधाच. एक पाय हलतो.) परत फिरलो तर एकही काडी जागेवर नाही. बाराच्या बारा आपल्या भगिनीच्या पिशवीत, वर रबर लावून. आता मोजणीत पुढचा खुणा रोवतो आणि मागचा गोळा करत येतो, हे खरं. आमचा प्लॉट मोजताना मीच तिला तसं शिकवलं, हेही खरं. पण शिकलेलं कुठे वापरायचं याला काही तारतम्य आहे की नाही?

ती म्हणाली, माळ्याला हाक मारू. मी म्हटलं, मुळीच नाही. तिने मारली आणि पाच मिनिटांत बाहेर जाऊन चहा घेतला. मी स्वतःच्या अकलेने निघायचं ठरवलं, त्याला पावणेदोन तास लागले. (शेवटची वीस पावलं माळी सोबत होता, पण तो त्याच्या कामाने चालला होता.) एवढ्यावरून कोणी घर सोडतं का?

आपला मेहुणा
(मोजणी खात्यातून सन्मानाने निवृत्त)

ता. क. एक सांगायचं राहिलं. बाहेर आल्यावर लोकांनी विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "बायको हरवली होती, तिला शोधत होतो." ती मागेच उभी होती. आठ-दहा जण तिच्याकडे बघून हसले. तिने घरी येऊन बॅग भरली.

आणखी एक. हरवलो होतो मी. हे तिला वाचून दाखवा. वहिनी स्वयंपाकघरात असताना दाखवलंत तर बरं. पण ती म्हणाली सगळ्यांसमोर, तर सगळ्यांसमोर दाखवा.